ढोलकीतली खडखड

केजला भीमगीतांचा कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि राजश्रीच्या ढोलकीतून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येत होता. ढोलकीला चिमट्यानं लावलेल्या छोट्या माइकची रबरी गादी झिजली होती. त्यामुळे थाप पडली की लाकडाचा हादरा खडखडत भोंग्यातून बाहेर पडायचा.

गाण्याच्या पार्टीचे मुख्य गायक शहादेवमामा वैतागले. "राजे, जरा हळू वाजव की."

"मी काय लेकरू निजवायलेय का, मामा?"

साउंडवाल्या बाळूनं बटणं फिरवून पाहिली, तर ढोलकी रिकाम्या डब्यासारखी वाजू लागली. शेवटी राजश्रीनं चिमटाच काढला आणि माइक शेजारी बसलेल्या जाईबाईमामीच्या हातात दिला. "मामी, नुसता समोर धर."

खडखड थांबली, पण मामीच्या काचेच्या बांगड्या भोंग्यातून किणकिणू लागल्या.

"बांगड्या काढ बरं," मामा म्हणाले.

"कावून काढू? आत्ताच भरल्यात!"

राजश्रीला हसू फुटलं. तिनं बाळूकडून मोटारसायकलची फाटकी ट्यूब मागून घेतली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि उलट्या स्टुलाच्या चार पायांना ताणून बांधल्या. मधोमध माइक अडकवून स्टूल ढोलकीसमोर असं ठेवलं की माइकला ना ढोलकीचा धक्का लागत होता, ना कुणाचा हात. मग तिनं सगळा जोर लावून थाप मारली.

आवाज असा गोल, भरदार निघाला की समोरच्या टपरीवरची माणसं चहाचे कप हातात घेऊनच मंडपात आली. मामांनी वेळेची वाट न बघता गाणं धरलं.