जुनी फाइल

पाटोद्याच्या तहसिलीसमोर माझ्या मुलाचे, राजेश्वरचे, संगणक केंद्र होते. शिधापत्रिकांच्या याद्या तो टंकित करी. त्या मूळ अर्जांशी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे असे. १९९९ च्या मे महिन्यात त्याने मराठी अक्षरांचा नवा प्रोग्राम बसविला, तेव्हा पडद्याने विचारले, की याच नावाची जुनी फाइल अगोदरच आहे, तिच्या जागी नवी ठेवावी काय? पुढचे न वाचता त्याने 'होय' दाबले आणि नव्या प्रोग्रामात पहिले नाव हौसेने आपल्या चार महिन्यांच्या लेकीचे, अंजलीचे, लिहिले.

जुनी यादी मात्र उघडेना. पुष्कळ खटपटीनंतर उघडली, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या नोंदीत सुनेच्या, शिवकन्येच्या, नावाची ओळ कोरी होती.

"सूनबाईंचे नाव गेले," मी म्हणालो.

"कोनाची सूनबाई?" तो हसला. "अण्णा, ऊन लागलं का तुमाला?"

मी तसाच घरी गेलो. दांडीवर शिवकन्येची एकही साडी नव्हती. शेजारच्या सरस्वतीबाई अंजलीला वाटीने दूध पाजीत होत्या.

"बिनआयचं लेकरू," त्या म्हणाल्या, "लई रडतंय बघा."

सकाळी याच लेकराला पदराखाली घेऊन बसलेली शिवकन्या मी स्वतः पाहिली होती. केंद्रात परतून मी राजेश्वरला म्हणालो, "फ्लॉपीवर नक्कल ठेवलेली जुनी फाइल परत घाल. आत्ता."

"मंग नवा प्रोग्राम बंद पडंल की. जुना नि नवा, दोन्ही प्रोग्राम त्या एकाच फाइलीवर हायत, अण्णा. ह्यो चालंल न्हाईतर त्यो."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच उमगावयास हवा होता. जन्मभर मी स्वतःस वाचणारा माणूस म्हणवीत आलो होतो. पण मी वडील या नात्याने आज्ञा केली, आणि त्याने ती पाळली. यादी उघडली. शिवकन्येचे नाव आपल्या ओळीत जसेच्या तसे उभे होते.

भर उन्हात मी घर गाठले. ती उंबऱ्याशी लसूण सोलीत बसली होती. मला पाहताच तिने पदर सावरला. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग माझी दृष्टी आत गेली. तुळईला पाळण्याचे दोर नव्हते.

"अंजली कुठे आहे?"

"कोन अंजली, मामा?"

तिने मान खाली घालून छातीवरचा पदर चाचपला, बोटे पाहिली आणि भेदरलेल्या आवाजात म्हणाली,

"पानी तर कुटं सांडलं न्हाई, मामा. मंग ह्यो कावून भिजतोय?"