अचूकताईंची माशी

नेमबाजी क्लबात त्यांना सगळे अचूकताई म्हणायचे. पस्तीस वर्षं एकच रायफल, तीही साधी: मागे खाच, पुढे नळीच्या टोकावर पोलादाची माशी, म्हणजे नेम धरायची बारीक खुंटी. माशी खाचेत बसवायची, तिच्यावर लक्ष्य टेकवायचं आणि अलगद चाप ओढायचा. पण साठी उलटली आणि माशीच दिसेनाशी झाली. लांबच्या चष्म्यातून माशी धूसर, वाचायच्या चष्म्यातून लक्ष्य गायब. एका रविवारी दहापैकी चार गोळ्यांनी कागदाला शिवलंसुद्धा नाही. अचूकताईंनी रायफल पुसली, पेटीत घातली आणि "झालं आमचं," म्हणून क्लबात जाणंच सोडलं.

आईचं उतरलेलं तोंड मुलाला बघवेना. त्याने बॅटरीवर चालणारं, लाल ठिपक्याचं नेमयंत्र आणून रायफलीवर बसवलं.

"आई, काचेतून बघ. ठिपका लक्ष्यावर ठेव. संपलं!"

अचूकताईंनी डोळा लावला. "ठिपका कुठाय रे? इथे कुणीतरी डाळिंब फोडून ठेवलंय."

त्यांच्या बुबुळाला जन्माचा बाक होता. गोल ठिपका फुटून दहा ठिकाणी सांडल्यासारखा दिसे. मुलगा हिरमुसला. मग त्याने आपल्या बहिणीला फोन लावला.

धाकटी लेक बंदुका दुरुस्त करायची. सगळं ऐकून ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "दादा, ते यंत्र तू तुझ्या रायफलीला लाव. आईला तिची माशीच हवीय."

दुसऱ्या दिवशी ती शिंप्याची टेप घेऊन घरी आली. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून तिने आईला ती खांद्याला लावायला सांगितली आणि डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजलं. मग दोघी चष्मेवाल्याकडे गेल्या.

"वाचायला हवाय की लांबचा?" त्याने विचारलं.

"दोन्ही नाही," लेक म्हणाली. "नव्वद सेंटिमीटरचा."

चष्मेवाला आधी चक्रावला, मग त्याला मजाच वाटायला लागली. काचा बदलत बदलत त्याने तासभर घालवला.

इकडे लेकीने जुनी माशी काढून नवी, जरा जाड घडवली. तिच्या पाठीवर स्वतःचं भडक नारिंगी नेलपॉलिश लावलं. माशी मुद्दाम उंच ठेवली होती. पोलाद घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

क्लबात अचूकताईंनी नवा चष्मा घातला, रायफल खांद्याला लावली आणि मान पुढेमागे करत माशी न्याहाळत राहिल्या.

"काय झालं, आई?"

"अगं, दिसतेय! नखरेल झालीय, पण दिसतेय!"

पहिल्या पाच गोळ्या वीतभर खाली लागल्या, पण पाचही एका बशीत मावतील इतक्या जवळ. लेकीने रायफल रिकामी करून कानस काढली, माशीचा माथा घासला. गोळ्या वर सरकल्या. पुन्हा घासलं, पुन्हा सरकल्या.

"अजून थोडं."

"आई, पुरे."

"चार हात मार फक्त."

लेकीने तीनच मारले. पुढची गोळी काळ्या वर्तुळाच्या बरोबर मध्यात. अचूकताईंनी कानावरचे रक्षक काढले आणि लेकीला अशी घट्ट मिठी मारली की तिच्या हातातली कानस खाली पडली.

तीन आठवड्यांनी क्लबाची स्पर्धा झाली. दहा लोखंडी पाट्या, दहा गोळ्या. लाल ठिपका लावून मुलाने आठ पाडल्या आणि ऐटीत बाजूला झाला. अचूकताईंनी एकेक पाटी निवांत आडवी केली. सातवी तेवढी चुकली.

"घाई केली मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि उरलेल्या तीन ठण् ठण् ठण् पाडल्या.

नऊ! मागे टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात ओरडला तो हरलेला मुलगा. बक्षिसात त्यांचा तिसरा नंबर आला, पण त्या भलत्याच कशात तरी गुंतल्या होत्या.

"उद्या तुझं वर्कशॉप बंद असतं ना?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो. का गं?"

"मग सकाळी सातला मला घ्यायला ये. त्या सातव्या पाटीचं काहीतरी करायला हवं."