अध्यक्षांच्या अंगातला वाघ

"पोट आत घ्या जी, पट्टा वाकडा होऊन राहिला," चिंधू म्हणाला, आणि पांढुर्णा नगरपालिकेचे अध्यक्ष यशवंतराव यांनी मुकाट्याने पोट आत घेतले. हे पोट आत जाऊ शकते, हे गावात आजवर कोणाला ठाऊक नव्हते.

जागा अध्यक्षांच्याच घरचा गोठा. साक्षीला दोन बैल, अध्यक्षांची म्हातारी आई देवकाबाई आणि रंगवणारा चिंधू, म्हणजे नगरपालिकेचा चपराशी. अध्यक्षांच्या कमरेला लंगोट, अंगभर पिवळ्या पिवडीचा लेप, त्यावर काजळाचे पट्टे, मागे वेळूची शेपटी. बाहेर मोहरमचे ताशे तापत होते.

हे सारे ओढवले ते अध्यक्षांच्याच एका भाषणामुळे.

छप्पन साल होते. प्रांत फुटून राहिले होते. नागपूर मुंबईकडे जाणार, पांढुर्णा-सौंसर भोपाळकडे राहणार, असे होत आले होते. गावाला मुंबई काय नि भोपाळ काय, दोन्ही सारखीच लांब. पण यशवंतरावांना नव्या प्रांतात आमदार व्हायचे होते. बावन्न सालच्या निवडणुकीत ते सपाटून आपटले होते, आणि तेव्हापासून त्यांना धर्माची फार काळजी लागली होती. बाजारचौकात उभे राहून त्यांनी सांगितले, की मोहरममध्ये हिंदूंनी वाघ होऊन नाचणे आता बंद. ही अरबस्तानातली चाल आहे. वाघच मुळात अरबस्तानातून आला. ज्यांच्या बकऱ्या सातपुड्यातला वाघ उन्हाळाभर उचलून नेत होता, त्यांनीही टाळ्या पिटल्या. रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याने तर शेजाऱ्याला विचारले म्हणतात, की इतक्या लांबून तो पायी आला का रेल्वेने.

मग ठराव झाला. नगरपालिकेचा जो नोकर वाघ होईल, त्याची नोकरी गेली. आता नगरपालिकेत वाघ होणारा नोकर होता एकच.

चिंधूच्या आधीची चार भावंडे पाळण्यातच गेली होती. हा जन्मला तेव्हा मायने त्याला चिंध्यांत गुंडाळले, नाव चिंधू ठेवले आणि इमामबाड्यातल्या सवारीपुढे, म्हणजे मोहरमच्या पंजापुढे, पदर पसरला. हा जगला तर पाय चालतील तोवर दर मोहरमला वाघ होऊन तुझ्यापुढे नाचेल. चिंधू जगला, आणि असा नाचला की विचारू नका. तिगावच्या स्टेशनमास्तराने एकदा त्याची डरकाळी ऐकून, गाडीच आली समजून सिग्नल पाडला होता, असे शपथेवर सांगणारी माणसे अजून आहेत. ती सगळी खोटे बोलत असतील असे वाटत नाही.

पण घरी बायको आणि चार पोरी. नोकरी गेली तर खायचे काय? चिंधू सवारीची देखभाल करणारे मुजावर बशीरमियां यांच्याकडे गेला आणि यंदापुरती सुटका मागितली. बशीरमियांनी त्याला जवळ बसवले, पानाचा विडा दिला आणि म्हणाले, "नोकरी तुझी हाय बेटा, ते तू सांभाळ. मन्नत तुझ्या मायची. ते माफ कराले मी कोण?"

विडा चिंधूच्या तोंडात तसाच राहिला. माय मरून बरीच वर्षे झाली होती. आता माफी मागायची तरी कोणाला?

आणि तशात त्याला देवकाबाईचा निरोप आला, की घरी येऊन जा.

म्हातारीचे गणित सरळ होते. यशवंता लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा तिनेही याच सवारीपुढे पाच सालांचा वाघ बोलला होता. चार साल पोरगा नाचला. पाचव्या साली शाळेसाठी नागपूरला गेला, तो राहूनच गेला.

"एक साल बाकी हाय, म्हूनच पडला तो बावनले," ती म्हणाली. "मन्नत फेडल्याबिगर मी त्याले उभा नाही राहू देत. मंग तुमचं भोपाळ राहो का जावो."

यशवंतराव आधी हसले, मग रागावले, मग त्यांनी आईला धर्म समजावून सांगितला. आईने जेवण सोडले. तेव्हा दार लावून घेऊन त्यांनी चिंधूला हळूच विचारले, "रंगात ओळखू येते का बे मानूस?"

"मायी बायकोच मले ओळखत नाही जी."

झाले. अध्यक्ष वाघ होणार आणि चिंधूने गोठ्यात लपून बसायचे. अध्यक्षांना नाही म्हणायची चिंधूची छाती नव्हती. आपली शेपटी त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्या कमरेला बांधली, तेव्हा त्याला पोरगी सासरी धाडल्यासारखे झाले.

वाघ बाहेर पडला. चिंधू गोठ्याच्या माळ्यावर चढला आणि कौल सरकवून बघू लागला. बशीरमियांनी रिवाजाप्रमाणे वाघाच्या तोंडात लिंबू दिले, एकवार वरून खालपर्यंत पाहिले आणि बाजूला झाले. वाघ मधोमध उभा. हार घालून घ्यायला उभा राहावा तसा. चिंधूने माळ्यावर कपाळाला हात लावला. तेवढ्यात ताशेवाल्याने तडतड सुरू केली, ढोल त्यात मिसळला, आणि अध्यक्षांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. मग काय झाले ते त्यांनाही कळले नसेल. पन्नाशीचा तो देह हवेत असा उडाला की पुढची माणसे मागच्यांवर पडली. वाघाने झेप घेतली, माती उकरली, वाघाच्या कमरेची दोरी धरणाऱ्या दोघांना फरफटत चौकापर्यंत नेले. भाषणाला कधी जमली नाही एवढी माणसे एका घशाने ओरडत होती, "वा रे चिंधू, वा रे पठ्ठे!"

माळ्यावर चिंधूचे पाय थयथयत होते. खाली बैलांनी दावी ताणली. चिंधूला हेवा वाटत होता, आनंद होत होता, आणि डोळ्यांतून पाणी का येते ते समजत नव्हते.

वाघ परतला तेव्हा भात्यासारखा धापत होता. देवकाबाईने कडाकडा बोटे मोडली. यशवंतरावांनी लिंबू थुंकले आणि पोरासारखे विचारले, "अजून एक फेरी मारू का बे?"

दुसऱ्या दिवशी कमिटीची सभा भरली. गजाननराव नावाचे सभासद अध्यक्षांवर टपलेलेच असत. ते उठले आणि म्हणाले, की काल चपराशी चिंधू वाघ होऊन नाचला, हे अख्ख्या गावाने पाहिले. आता ठराव पाळायचा आहे, का तो फक्त चौकातल्या भाषणापुरता होता?

एवढी साधी गोष्ट आदल्या दिवशी गोठ्यात कोणाच्या डोक्यात आली नव्हती. सगळ्यांनी दाराशी उभ्या चिंधूकडे पाहिले.

"सांग बे," गजाननराव म्हणाले, "तू होता का नव्हता?"

चिंधूने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष भिंतीवरचा नकाशा बघत होते. एक शब्द बोलला असता तर नोकरी वाचत होती. नाही म्हणायचे, बस. पण सारा गाव म्हणत होता की चिंधू नाचला. मग सवारीच्या कानीही तेच गेले असेल. मायच्याही. आता नाही म्हटले, तर तिचा शब्द आपल्याच तोंडाने मोडतो.

"होतो जी," तो म्हणाला. "मीच होतो."

अध्यक्षांनी नकाशावरून नजर काढली. सवयीने ते म्हणाले, "चिंधू, पाणी." चिंधूने सवयीने पाणी आणले. पेला ठेवताना वाकून तो फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे बोलला, "साहेब, डाव्या कानामागं पिवळं राह्यलं."

यशवंतरावांचा डावा हात कानावर गेला तो तिथेच राहिला. गजाननरावांनी विचारले, दुखते का. थंडी बसली, ते म्हणाले. मग चिंधूला काढायचा ठराव मताला आला. अध्यक्षांनी उजवा हात वर केला. डावा कानावरून हलला नाही.

चिंधूने खांद्यावरून आडवा जाणारा पितळी बिल्ल्याचा पट्टा उतरवला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला.

बाजारात एका बाईने त्याला अडवले. कडेवर लेकरू होते, झोपेत दचकणारे. अशा लेकराला मोहरमच्या वाघाच्या पाठीवर बसवले की भेव जाते.

"काल गर्दीत पोचलीच नाही मी, भाऊ," ती म्हणाली. "आता चालते का? रंग त नाही राह्यला."

चिंधूने स्वतःकडे पाहिले. खाकी सदरा उन्हाने पांढुरका झाला होता. पट्ट्याखालची खाकी तेवढी खांद्यापासून कमरेपर्यंत गडद उरली होती.

"चालते," तो म्हणाला. भर रस्त्यात तो गुडघ्यांवर बसला, हात टेकले आणि पाठ सपाट केली. मागून येणारी बैलगाडी थांबली. लेकराने आधी भोकाड पसरले. मग त्याने दोन्ही मुठींत सदरा गच्च धरला, आणि चिंधू हळूहळू चालू लागला.