जिन्याला कुणी कळवलं नाही

“गरिबाच्या डोक्यावर छप्पर धरणं ही आजच्या काळातली सर्वांत खडतर तपश्चर्या आहे,” असं घरमालकांनी जाहीर केलं आणि लगेच थोरल्या बहिणीकडे घाम पुसायला फडकं मागितलं. तपस्वी तीन मजले चढून आले होते आणि त्यांना धाप लागली होती.

इमारत त्यांचीच. स्वस्त भाड्याची, म्हणून सरकारदरबारी पुण्यवान. ताई तिथेच वरच्या मजल्यावर राहायची, आणि सख्ख्या बहिणीकडूनही भाडं घ्यायला मालक चुकत नसत. तत्त्वाचा माणूस!

आज स्वारी खुशीत होती. स्वस्त घरांच्या मालकांना दुरुस्तीच्या नियमांतून वर्षभराची सूट मिळाली होती. आता तपासनीस नाही, नोटीस नाही, कटकट नाही. बातमी आली तेव्हा वेल्डरनं जिन्याचा गंजलेला कठडा नुकताच कापून काढला होता. नवा बसवायचा तेवढा राहिला होता. मालकांनी त्याला तिथूनच परत पाठवलं आणि कठड्याच्या जागी स्वतःच्या हातांनी सुताची दोरी बांधली. भाडेकरूंनी दोरीची लायकी बरोबर ओळखली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले.

ताईनं फडकं दिलं, वर चार शब्दही ऐकवले. शेजारच्या शिंप्याची सून पोटुशी आहे, दिवस भरत आलेत, बिचारी भिंतीला चिकटून चढते-उतरते. मालकांनी शांतपणे समजावलं की कठडा आता वर्षभर कायद्यानं लागत नाही, आणि सरकारपेक्षा जास्त शहाणपणा दाखवणं चांगल्या नागरिकाला शोभत नाही.

“सूट तुला मिळाली रे, बाळ्या,” ताई म्हणाली. “जिन्याला कुणी कळवलंय का? तो आहे तेवढाच उंच आहे. आणि त्या पोरीच्या बाळंतपणाला वर्षभराची मुदतवाढ मिळालीय का, तेही विचारून ये.”

बायकांना कायद्यातलं काय कळतंय, असं पुटपुटत मालक निघाले. चढताना नजर पायऱ्यांवर होती. उतरताना ती बाजूला गेली आणि थेट तळमजल्यावर जाऊन पोचली. सवयीनं हात कठड्याकडे गेला, तर हाती कुणाचा तरी ओला पायजमा आला. ओढ बसताच दोरीची गाठ सुटली आणि सगळं वाळवण खाली गेलं. मालक उडी मारून भिंतीला पालीसारखे चिकटले. डोळे गच्च मिटून त्यांनी खिशातला फोन चाचपडत काढला.

“वेल्डर ना? आत्ता ये. हो, आत्ताच्या आत्ता! सूट गेली चुलीत!”

फोन ठेवला तरी पाय हलेनात. दारात ताई उभी होती. भिंतीला गाल लावून मालक बोलू लागले, “ताई, आज डोळे उघडले माझे! नियम तपासनिसासाठी पाळायचा नसतो, माणसासाठी पाळायचा असतो! सूट मिळाली म्हणून कुणाची हाडं रबराची होत नाहीत!”

वाचकहो, बोध अगदी खरा आहे. तो मालकांच्या तोंडून आला म्हणून टाकून देऊ नका. असल्या माणसाला दुसऱ्याचा जिना समजायला स्वतःच त्या जिन्यात अडकावं लागतं, एवढंच.

मालकांचं पुढचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात खालच्या पायरीवर शिंप्याची सून येऊन थांबली. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात भिंतीवर.

“काका, बोलून झालं असेल तर जरा भिंत सोडता का? मला वर जायचंय.”