निजवलेल्या गोळ्या

खुळ्... खुळ्खुळ्. दुपारच्या सामसूम घरात लहानग्या रेवाने आपल्या टॉनिकच्या गोळ्यांची बाटली हलवली आणि मेथी निवडणारी तिची आई, ज्योत्स्ना, थबकली. हाच आवाज... सकाळी, ती समुपदेशक आहे त्या एचआयव्हीच्या केंद्रात.

हरसूलकडची एक मावशी तपासायला आली होती. तिचं नाव ज्योत्स्ना घरी मनातसुद्धा घेत नाही. कामाची सवयच तशी. एका खोलीचं घर, नवी सून आलेली. बाटली काढली की सून विचारायची, "काय वाजतंय, आत्या?" — म्हणून बाईने गोळ्याच सोडल्या. ताप मुरला, अंगावरचं लुगडं सैल झालं. डॉक्टरांनी तपासून आज पुन्हा बाटली दिली. पण बाई ती घरी उघडेल का? आणि हे विचारायला बसली होती तेजल — शिकाऊ समुपदेशक, पहिल्यांदाच एकटी. ज्योत्स्ना कोपऱ्यात, देखरेखीला.

तेजल घोकलेलं सगळं विसरली. गप्पच झाली. ज्योत्स्ना पुढे झुकली, वाक्य जिभेवर आलंच होतं — सुनेला विश्वासात घ्या, मावशी — पण पोरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. बाईच्या हातांकडे बघत ती नुसती बसून राहिली, बांधावर शेजारी बसावं तशी, आणि ते गप्प बसणं भरत गेलं, विहिरीला पाणी चढावं तसं...

"पोरी, कापूस हाय का गं?"

तेजलने ड्रेसिंगच्या खोलीतून बोळा आणला. बाईने तो बाटलीत कोंबला, कानाशी धरून हलवली.

"मुकी झाली की, मावशी!"

"मुकी नाय. निजवली. जागी करायची तवा मीच करीन. सुनंला बी तवाच सांगीन." मग पदर सारखा करत, "आज रातपासून घेते. आता हस की जरा, का रडतीस?"

केवढं हे! मी तर बोललेच असते... आणि हे मला कधी दिसलंच नसतं. आता मेथीपुढे बसूनही ज्योत्स्नाच्या अंगावर काटा होता — आपण शिकवलेल्यातलं एकही वाक्य न वापरता त्या दोघी कुठे जाऊन आल्या होत्या!

तिने उठून वातींचा थोडा कापूस आणला, रेवाच्या बाटलीत भरला, झाकण लावलं. रेवाने बाटली हलवली. पुन्हा हलवली. कानाला लावली. मग आईकडे बघत हळूच म्हणाली,

"आई, गोळ्यांना गप्प बसायचं होतं का?"