नर्मदेवर जळणारं घंगाळ

मित्रांनो, मी जळकुकडं आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवायला नको. तसं मी जुनं पितळी घंगाळ. जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरांनी मला इतकं ठोकलं, की तो आवाज ऐकून पलीकडच्या गावातले लोक लग्नाची वाजंत्री समजून जेवायला आले होते. खोटं वाटत असेल तर भंडाऱ्याला जाऊन विचारा. सांगणारं कोणी उरलेलं नाही, ही माझी चूक नाही.

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, नागपूर त्या राज्यात आणि जबलपूर या राज्यात राहिलं, त्यानंतर दोन वर्षांनी मी इकडे आलो. माझे मालक पुंडलिकराव, त्यांना जबलपूरच्या फॅक्टरीत नोकरी लागली होती. गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीत मला चढवलं, तेव्हा इंजीन दोन पावलं मागे सरकलं. जबलपूरच्या कांचघर भागातल्या घरात न्हाणीजवळ माझी जागा ठरली. पुंडलिकरावांचे तिन्ही मुलगे माझ्यात एकदम बसून आंघोळ करायचे, तरी कोपऱ्यात मांजरीला जागा उरायची. गोल भांड्याला कोपरा कुठला, असं विचारू नका. तेव्हा होता.

दिवाळीला मला चिंच लावून घासत. शेजारणी म्हणत, "काय झळकून राहिलं हो तुमचं घंगाळ!" मग गीझर आला. भिंतीवर लटकलेला, पांढरा, लाल डोळ्याचा. त्याच्यावर मी पुष्कळ जळलो. पण माझं खरं जळणं वेगळंच होतं.

मी जळत होतो ते नर्मदेवर. गणपतीचे दहा दिवस झाले, की सगळी मराठी मंडळी मूर्ती घेऊन तिच्या ग्वारीघाटावर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, जायची. घरात पाणी असून, घंगाळ असून! जो तो 'मैया, मैया'. मी मागच्या अंगणात पालथं पडून ऐकायचो. एवढ्या मोठ्या बाईनं मला एक गणपती दिला असता, तर काय बिघडलं असतं?

माझं नशीब उघडलं ते प्रतिमाबाईंमुळे. या पुंडलिकरावांच्या सूनबाई, शाळेत मास्तरीण. दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या वर्गातल्या मुलांना घाटावर नेत. मुलं काठावरून तुटलेले हात, सोंडा, उंदीर वेचून पोत्यात भरत. नऊ वर्षं हे चाललं. शेवटी आमच्या वार्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, बेबीताई त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. मराठी मंडळींच्या गणेशमंडळाच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "यंदा मंडळाचा गणपती प्रतिमाच्या घरी, घंगाळात शिरवायचा. मी वार्डाला शब्द दिला आहे."

मंडळाचे अध्यक्ष अंबादासकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. ते गुरगुरले, "ठीक आहे. पण मूर्ती मी आणीन. आपल्या नागपूरची, शाडूची."

"काका, माझी मुलं इथल्या काळ्या मातीची करतात ना," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"इथल्या मातीला ती सफाई येते का? अकरा वर्षं एकाच दुकानातून आणून राहिलो मी. काहून बदलू?"

काकांनी मूर्ती मांडीवर घेऊन प्रवास केला. इटारसीपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही, म्हणतात.

अनंत चतुर्दशीला मला घासून अंगणात मांडलं. आरती झाली, बाप्पा माझ्या पोटात उतरले. मी नर्मदेच्या दिशेनं बघून मनात म्हटलं, 'बघ गं!'

पहिल्या दिवशी थोडा रंग उतरला. दुसऱ्या दिवशी तेवढाच. तिसऱ्या दिवशीही बाप्पा जसेच्या तसे, मोदकसुद्धा हातात. मी उन्हात तापून तापून पाणी इतकं कढवलं, की वरून जाणारा कावळा घाम पुसत होता. काही उपयोग नाही.

"देव रुसला," काका म्हणाले. "घंगाळात देव विरघळते का कुठं? त्याला नर्मदाजी पाहिजे. उद्या सकाळी घाटावर नेऊ. आणि हे घंगाळ मोडीत काढा, पुन्हा असला प्रयोग नको."

बेबीताईसुद्धा डगमगल्या. "प्रतिमा, लोक हसून राहिले गं. पुढच्या वर्षी मी कोणत्या तोंडानं सांगू?"

मोडीत! मित्रांनो, माझा मत्सर तेव्हा असा उफाळला, की पाण्यावर बुडबुडे आले.

सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. तेवढ्यात प्रतिमाबाई ओंजळीत एक छोटा गणपती घेऊन आल्या. मुलांनी शाळेत काळ्या मातीचा केलेला, एक कान मोठा, एक लहान.

"काका, चहा होईपर्यंत थांबा," म्हणत त्यांनी तो हळूच माझ्यात सोडला.

काकांनी कप तोंडाला लावला. आधी बाप्पाचे कान गेले. मग सोंड खाली बसली. कप रिकामा व्हायच्या आत तळाशी मऊ चिखल उरला. शेजारी नागपूरचे बाप्पा ताठ उभे.

बेबीताईंनी त्या बाप्पांच्या पाठीवर बोटानं वाजवलं. टक, टक. "अंबादासभाऊ, हे काय वाजून राहिलं?"

काकांनी कप खाली ठेवून स्वतः वाजवून पाहिलं. "प्लास्टर," ते म्हणाले. "त्या दुकानदारानं आईची शपथ घेतली होती माझ्यासमोर, शाडूचीच म्हणून." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे आधीचे अकराही..."

काकांनी बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात माझ्यात घातले आणि मूर्ती बाहेर काढून छातीशी धरली.

"भैया, आप जाओ," त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. "घाट नहीं जाना. मैया को बहुत दे चुका मैं."

ती मूर्ती आता मंडळातच असते. दरवर्षी तिचीच पूजा होते आणि शिरवायला मातीचा छोटा गणपती माझ्यात येतो. काका मुलांमध्ये बसून माती मळतात. त्यांचा उंदीर बेडकासारखा होतो, पण दुपारपर्यंत विरघळतो. तो चिखल प्रतिमाबाई शाळेच्या झाडांना घालतात.

मी जिंकलो, असं तुम्ही म्हणाल. मीही महिनाभर तसंच म्हणत होतो. पण खरं सांगू? मला एक खोटा गणपती तीन दिवस पोटात ठेवता आला नाही, गावभर बोभाटा झाला. तिनं अकरा गिळले, आणि हूं की चूं केलं नाही. म्हणून मी अजून तिच्यावर जळतो, पण आता पूर्वीसारखं नाही. मित्रांनो, जी बोलत नाही, तिच्या पोटात काहीही टाकून मोकळे होऊ नका. आधी माझ्यासारख्या चहाडखोराला दाखवत जा.