पंपघरामागचा लाल तुकडा

“मावशी, ओलं फडकं नका लावू त्याला!” नकाशावाल्या ताई ओरडल्या.

मी हात मागे घेतला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फार्मचं सगळ्यात मोठं शेत पसरलं होतं. हिरवं, पिवळं, आणि पंपघरामागे खपली धरल्यासारखा एक लाल तुकडा.

“लाल म्हणजे काय हो ताई?”

“कस नसलेली जमीन. कापता कापता कुठे किती दाणा आला, ते हार्वेस्टर लिहून ठेवतो. तीन वर्षं तिथे दाणाच नाही. आता हा नकाशा ट्रॅक्टरमध्ये घातला, की कुठे किती खत टाकायचं ते यंत्रच बघणार. लाल जागी जवळजवळ नाहीच. पालथ्या घड्यावर पाणी कशाला?”

त्याच जागी तर मी डबा घेऊन उभी राहायचे.

आमचे हे हार्वेस्टर चालवायचे. यांना साखर. सकाळी सुई टोचलेली. बाराला पोटात काही गेलं नाही की हात कापायला लागायचे. फार्मवर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात झाडू आला असता, आणि झाडूवाली घरात आधीच एक होती. म्हणून कापणीच्या दिवसांत रोज बाराला पंपघराच्या आडोशाला यायचं. इंजिन बंद केलं की ऑफिसात कळतं, म्हणून पाती फिरती ठेवून, जागेवर उभं राहूनच हे चार घास गिळायचे. यंत्र बिचारं इमानदार. त्याने लिहिलं, इथे दाणा शून्य.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, “तोंड उघडू नकोस.”

“अहो, चांगली जमीन उपाशी मरेल.”

“मरू दे. तिची पेन्शन नाही बुडायची, माझी बुडेल.”

मी तोंडाला कुलूप लावलं. चार हंगाम. त्या तुकड्यावर ट्रॅक्टर आला की खत उडायचं थांबे. पलीकडे गेला की पुन्हा उडे. पीक आधी पिवळं पडलं, मग गुडघ्याच्या वर येईना. आणि कापणीला, बाराच्या ठोक्याला, आम्ही दोघं तिथेच.

निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, “सव्वीस वर्षांत एक चूक नाही.” घरी येऊन यांनी बूटसुद्धा काढले नाहीत.

“आता सांगून टाक त्या नकाशावालीला,” म्हणाले. “तूच सांग. मला नाही जमायचं.”

मी सगळं सांगितलं. ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माती तपासायला पाठवली. आठवड्याने कागद घेऊन आल्या.

“मावशी, माती खरंच निकस आहे. नकाशा बरोबरच होता बघा.”

“अहो, ती आत्ता तशी झालीय. आधी...”

“आधीची कुठे कुणी तपासलीय?” त्या समजुतीने म्हणाल्या. “काकांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. तसंही तिथे आता पेरणार नाही. शेड टाकतोय.”

घरी हे दारातच बसले होते. “काय म्हणाली?”

“म्हणाली, जमीनच तशी होती.”

यांनी विचारलं, “किती खोल काढली माती?”

“वीतभर. त्याखालची कुणी बघितलीच नाही.”

यांनी उंबऱ्यावर वीत टेकवली, आणि बोटं तशीच ताणून बसून राहिले.